गुळवेल : काढा, सत्त्व आणि प्रयोगशाळेतील बहुशर्करा

बारामती व इंदापूर तालुक्यांत बांधावरच्या कडुनिंबावर चढलेली गुळवेल सर्वांच्या परिचयाची आहे. दाखल रुग्णांचे नातेवाईक पुष्कळदा तिचा काढा बाटलीत भरून आणतात व तो द्यावा का, अशी विचारणा करतात. गुळवेलीवर संशोधन झाले आहे, असे त्यांनी वाचलेले असते आणि ते खरेही आहे. मात्र ते नेमके कशावर झाले, हे पाहणे अगत्याचे आहे.

मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी गुळवेलीच्या खोडातून अरबिनोगॅलॅक्टन ही बहुशर्करा, म्हणजे साखरेच्या लहान घटकांची लांब साखळी, वेगळी केली. रोगप्रतिकारक पेशींवरील तिच्या परिणामाचा शोधनिबंध १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. लोहामुळे मेदाची आणि गॅमा किरणांमुळे प्रथिनांची होणारी हानी ती रोखते, असे २००२ मधील निबंधात नमूद आहे. यालाच अँटिऑक्सिडंट गुण म्हणतात. हे प्रयोग प्रयोगशाळेतील होते, रुग्णांवरील नव्हेत.

अशा बहुशर्करा काढताना सामान्यतः वाळलेल्या खोडाची पूड पाण्यात भिजवून वा उकळून अर्क गाळतात. त्यात अल्कोहोल मिसळले की बहुशर्करा तळाशी बसते आणि कडू द्रव्ये बहुतांशी वर विरघळलेली राहतात. पुढे प्रथिने व लहान रेणूही काढून टाकावे लागतात. काढ्यात मात्र हे सारे एकत्रच असते. वाणिज्य शाखेच्या आमच्यासारख्यांना हा फरक ढोबळ व निव्वळ रकमेतील फरकासारखा वाटतो!

गुळवेल सत्त्वाची गोष्ट आणखी निराळी. ठेचलेले खोड पाण्यात भिजवून, कुस्करून, तळाशी बसलेला पांढरा साका वाळवतात; तो मुख्यतः स्टार्च असतो. पाण्यात विरघळणारी बहुशर्करा ओतून दिलेल्या पाण्याबरोबर बव्हंशी निघून जाते.

करोनाच्या काळात गुळवेलीचे सेवन फार वाढले. २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या ६ रुग्णांमधील यकृतदाहाचा अहवाल प्रसिद्ध केला. २०२२ मध्ये देशातील १३ केंद्रांतील अशा ४३ रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. आयुष मंत्रालयाने २०२१ च्या निष्कर्षाशी असहमती दर्शवून सारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीची शक्यता मांडली. वाद काहीही असो, बांधावरून तोडलेली वेल कोणती, हे बाटलीवरून ओळखता येत नाही. शिवाय गुळवेल रक्तातील साखर उतरवू शकते. मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना ही बाब दुर्लक्षिण्याजोगी नाही.

यास्तव नातेवाइकांना विनंती की, काढा, सत्त्व वा गोळ्या किती दिवसांपासून चालू आहेत, हे दाखल करतेवेळीच डॉक्टरांना सांगावे व बाटली सोबत आणावी. त्याबद्दल येथे कोणीही रागावणार नाही.