नफ्याचे मूळ बँकेच्या घरातच

बँकेला तोटा झाला की त्याचे कारण सहसा बाहेर शोधले जाते. मंदी, सरकारचे धोरण, रिझर्व्ह बँकेचे व्याजदर. ही कारणे खोटी नाहीत. परंतु एकाच बाजारात, एकाच नियमांखाली वावरणाऱ्या दोन बँकांपैकी एक तरते आणि दुसरी गटांगळ्या खाते, तेव्हा उत्तर बँकेच्या आतच शोधावे लागते.

१९३५ साली पुण्यात स्थापन झालेल्या आणि १९६९ मध्ये राष्ट्रीयीकरण झालेल्या बँक ऑफ महाराष्ट्रचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. जून २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध घातले. मार्च २०१८ अखेर तिची सुमारे १९ टक्के कर्जे थकीत होती. २०१८-१९ चा तोटा ४,७०० कोटी रुपयांच्या वर गेला. त्याच बँकेने २०२३-२४ मध्ये ४,०५५ कोटी रुपये निव्वळ नफा मिळवला आणि थकबाकीचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आत आणले. सरकारी भांडवलाचा यात वाटा होता. जुनी कर्जे निर्लेखित केल्यानेही थकबाकीचा आकडा उतरतो, हेही ध्यानात ठेवलेले बरे.

नवल असे की, तोट्याच्या त्या वर्षांतही या बँकेच्या जवळजवळ निम्म्या ठेवी बचत व चालू खात्यांतल्या होत्या. चालू खात्यावर व्याज द्यावे लागत नाही, बचत खात्यावर मुदत ठेवीहून कमी द्यावे लागते. इतका स्वस्त पैसा हाताशी असताना तोटा झाला, तो कर्जे देताना पारख चुकल्यामुळे. व्याजाच्या देण्याघेण्यात शंभर रुपयांमागे तीन रुपये सुटतात असे धरले, तर एक कर्ज संपूर्ण बुडाल्यास तेवढ्याच रकमेच्या तेहतीस चांगल्या कर्जांची वर्षभराची मिळकत त्या खड्ड्यात जाते. खर्च अजून वेगळाच.

खर्च म्हटला की व्यवस्थापनाची नजर प्रथम कर्मचाऱ्यांच्या पगाराकडे वळते. यंत्रे आली, तेव्हा काही काटकसर योग्यच. परंतु स्वस्त ठेव येते ती शिक्षकाच्या पगारातून, पेन्शनराच्या खात्यातून, तालुक्याच्या दुकानदाराकडून. आणि ती टिकते खिडकीपलीकडच्या माणसामुळे. तीन खिडक्यांचे काम एकावर सोपवून वाचवलेला पगार त्या वर्षीच्या ताळेबंदात नफा म्हणून दिसतो. रांगेला कंटाळून दुसऱ्या बँकेत खाते उघडणारा पेन्शनर मात्र त्यात कुठेच दिसत नाही. त्याच्या गेलेल्या ठेवीची जागा महागड्या मुदत ठेवीने भरावी लागते, तेव्हा कुठे तो व्याजखर्चात उमटतो.