स्वभाव आणि लेखणी : धारवाडची काही उदाहरणे

मनुष्य त्याच्या चालीवरून दुरूनही ओळखू येतो, तसा तो लेखनावरून ओळखू यावा काय? या प्रश्नाचा शास्त्रीय विचार करू लागल्यास प्रथम स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांच्याकडे जावे लागते. १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या मनोप्रकारांवरील ग्रंथात त्यांनी माणसांचे अंतर्मुख व बहिर्मुख असे दोन कल मानले, आणि त्यांच्या जोडीस विचार, भावना, संवेदना व अंतःप्रज्ञा ही मनाची चार कार्ये सांगितली. पुढे अमेरिकेत कॅथरीन ब्रिग्ज व त्यांची कन्या इझाबेल मायर्स यांनी या मांडणीच्या आधारे एक प्रश्नावली सिद्ध केली, आणि १९८० नंतरच्या दशकात जॉर्ज जेन्सन व जॉन डिटिबेरिओ या दोघा अध्यापकांनी ती लेखनाच्या शिक्षणाला लावून पाहिली.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. बहिर्मुख मनुष्य बोलता बोलता विचार करतो. आखणी फारशी न करता तो लिहू लागतो आणि आपल्याला काय म्हणावयाचे आहे ते त्याला लिहिताना उमगते. अंतर्मुख मनुष्य विषय बराच काळ मनात घोळवतो व मगच कागदाला हात लावतो. संवेदनाप्रधान लेखकाला तपशील व स्पष्ट सूचना हव्या असतात, तर अंतःप्रज्ञेवर चालणाऱ्याला आधी कल्पना सुचते व तपशील मागाहून आठवतो. विचारप्रधान लेखक मांडणीकडे पाहतो, भावनाप्रधान लेखक वाचकाच्या मनाकडे.

हे सारे कागदावर नीटनेटके दिसते. ते आपल्याच परिसरातील लेखकांवर घासून पाहिले पाहिजे, आणि त्यासाठी हुबळी-धारवाडसारखे गाव शोधून सापडणार नाही.

द. रा. बेंद्रे (१८९६–१९८१) यांची मातृभाषा मराठी. कीर्ती मात्र कन्नड कवी म्हणून. धारवाडात त्यांच्याभोवती ‘गेळेयर गुंपु’ हे मित्रमंडळ जमले, आणि त्या मंडळात काव्य वाचले, गायिले, चर्चिले गेले. त्यांच्या कवितेत धारवाडची बोली व लोकगीतांची लय आहे. ती कानासाठी लिहिलेली कविता आहे. ‘नाकु तंती’ या संग्रहाबद्दल १९७३ सालचे ज्ञानपीठ पारितोषिक त्यांना मिळाले.

जी. ए. कुलकर्णी (१९२३–१९८७) त्याच धारवाडात दीर्घकाळ इंग्रजीचे प्राध्यापक होते. सभासंमेलने त्यांनी कटाक्षाने टाळली. ‘काजळमाया’स मिळालेला साहित्य अकादमीचा पुरस्कार त्यांनी प्रकाशनवर्षाचा वाद उपस्थित होताच परत केला. त्यांची कथा प्रतिमांनी घट्ट विणलेली, नियतीच्या प्रश्नाभोवती फिरणारी, एकट्याने सावकाश वाचावयाची. एक बहिर्मुख, दुसरा अंतर्मुख. उदाहरण अगदी पाठ्यपुस्तकात घालावे असे!

परंतु येथेच थांबले तर फसगत होते. एकांतप्रिय म्हणून प्रसिद्ध असलेल्या जी. एं.ची पत्रे त्यांच्या मृत्यूनंतर खंडशः प्रसिद्ध झाली. सुनीता देशपांडे यांना लिहिलेली पत्रे वाचणाऱ्याला तेथे एक गप्पिष्ट, थट्टेखोर, पुस्तकांवर भरभरून बोलणारा गृहस्थ भेटतो. समोर एकच जिव्हाळ्याचा वाचक असला की तीच लेखणी निराळी चालते. म्हणजे लेखनाला आकार देण्यात स्वभावाइतकाच वाचकाचाही वाटा असतो, आणि लेखनप्रकाराचाही. बासेल मिशनचे फर्डिनांड किट्टेल १८५३ साली हिंदुस्थानात आले व या भागात राहून कन्नड शिकले. सुमारे ७०,००० शब्दांचा कन्नड-इंग्रजी कोश त्यांनी १८९४ साली पूर्णत्वास नेला. असे काम म्हणजे तपशिलाच्या उपासकाचे, असे कोणीही म्हणेल; पण याच किट्टेलांनी त्यापूर्वी ‘कथामाले’ हे ख्रिस्तचरित्र कन्नड पद्यात रचले होते. त्यांना कोणत्या रकान्यात बसवावे?

त्या प्रश्नावलीचीही मर्यादा आहे. काही आठवड्यांनी ती पुन्हा सोडविली असता पुष्कळांचा प्रकार बदलतो, म्हणून अनेक मानसशास्त्रज्ञ तिच्यावर फारसा भरवसा ठेवीत नाहीत. ‘हा अंतर्मुख’ अशी चिठ्ठी एखाद्याच्या कपाळी चिकटविण्यास ती मुळीच योग्य नव्हे. जेन्सन-डिटिबेरिओ यांचा एक सल्ला मात्र प्रश्नावलीवाचूनही उपयोगी पडतो : पहिला खर्डा आपल्या स्वाभाविक रीतीने लिहावा, आणि सुधारताना मुद्दाम विरुद्ध रीतीचा आश्रय घ्यावा. तपशिलात रमणाऱ्याने दुसऱ्या वाचनी मध्यवर्ती विचार शोधावा. कल्पनेत रमणाऱ्याने उदाहरणे घालावीत.

पाळकांस याची गरज विशेष आहे, कारण आपल्या हाताखालच्या धर्मशिक्षकांचे लेखन तपासण्याचे काम त्यांच्याकडे असते. जो स्वतः मुद्दे काढून लिहितो तो प्रत्येकाकडून आधी मुद्देच मागतो. आणि खेड्यातील बैठकीत तासभर रंगून बोलणारा प्रचारक कोऱ्या कागदापुढे मुका होतो. त्याला लेखनाचे अंग नाही, असा शेरा मग सहज मारला जातो. वास्तविक त्याला आधी बोलू द्यावे व दुसऱ्याने टिपून घ्यावे. रोमकरांस पत्र तर्तियाने लिहून घेतले, हे त्या पत्राच्या सोळाव्या अध्यायातच नमूद आहे. गलतीकरांस लिहिताना मात्र, आपण मोठ्या अक्षरांत स्वतःच्या हाताने लिहीत आहोत, असे पौल शेवटच्या अध्यायात मुद्दाम सांगतो.