घाटात काटा चढला? गाडी नेमकी कधी तापते, ते आधी पाहा

मे महिन्यातली दुपार, कसारा घाटाची चढण, पुढे ट्रकची रांग आणि डॅशबोर्डवरचा काटा लाल पट्टीकडे सरकू लागलेला. दहा-पंधरा वर्षं जुनी गाडी असणाऱ्यांना हे चित्र नवं नाही. बहुतेक जण कडेला थांबतात, बाटलीभर पाणी ओततात आणि निघतात. गाडी घरी पोहोचते, पण दुखणं तसंच राहतं. मग एक दिवस मेकॅनिक इंजिनाचं हेड उघडायला सांगतो आणि खर्च हजारोंच्या घरात जातो.

गाडी कधी तापते, यावरून निम्मं निदान होतं.

सिग्नलला, कोंडीत तापते आणि रस्ता मोकळा मिळाला की काटा उतरतो, तर पहिला संशय रेडिएटरच्या फॅनवर घ्या. वेगात वारा आपोआप आत शिरतो; उभ्या गाडीत ते काम फॅनचं. इंजिन चालू ठेवून एसी लावा. इलेक्ट्रिक फॅन असलेल्या बहुतेक गाड्यांत तो लगेच फिरू लागतो. नाही फिरला तर आधी फ्यूज, मग रिले आणि शेवटी मोटर तपासायला सांगा. एसीवर फिरतो, पण इंजिन तापलं तरी एरवी फिरत नाही? मग तापमान ओळखणारा सेन्सर बिघडलेला असू शकतो.

कोंडीत ठीक, पण चढावर किंवा हायवेला तापते, तर बहुधा पाणीच नीट फिरत नाही. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी भरलं की क्षार साचून रेडिएटरच्या नळ्या चोंदतात. वॉटर पंप किंवा थर्मोस्टॅटही कारण असू शकतो. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन साधारण ८० ते ९० अंशांवर आलं की उघडणारी झडप. ती बंदच अडकली तर पाणी रेडिएटरपर्यंत जात नाही. अनेक गॅरेजवाले ती काढूनच टाकतात. हा जुगाड टाळा: इंजिन नीट तापत नाही, पेट्रोल जास्त जातं आणि झीज वाढते. नवी झडप फार महाग नसते.

रेडिएटरचं झाकणही तपासून घ्या. ते आत दाब धरून ठेवतं, म्हणून कूलंट १०० अंशांनाही उकळत नाही. झाकणाचं रबर कडक झालं की दाब सुटतो आणि उकळी लवकर फुटते.

कूलंट सतत कमी होतंय? रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरा, सकाळी डाग कुठे पडलाय ते बघा. डाग नाही, तरी पातळी घटते, तर हेड गॅस्केटची शंका घ्या. इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा दाट धूर, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चहासारखा थर, कूलंटच्या टाकीत सतत बुडबुडे, अशी लक्षणं दिसली तर गाडी चालवू नका, टो करून न्या.

काटा लाल पट्टीत गेलाच तर एसी बंद करा, हीटर पूर्ण लावा (उकाड्यात नकोसं वाटेल, पण तो इंजिनाची उष्णता ओढून घेतो), सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करा. निदान अर्धा तास झाकणाला हात लावू नका. उसळलेल्या पाण्याने चेहरा भाजतो. तापलेल्या इंजिनावर गार पाणीही ओतू नका, धातूला तडा जाऊ शकतो.

आणि चढलेला काटा काही कारण नसताना अचानक खाली आला, तरी लगेच थांबा. कूलंट पार संपलं की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा चुकीचं दाखवतो. इंजिन मात्र तापतच असतं.