पाडव्याला स्ट्रॉ, गणपतीला फेल्ट

ह्यूस्टनच्या मुलांना 'गो टेक्सन डे' माहीत असतो. फेब्रुवारी संपता संपता किंवा मार्चच्या सुरुवातीला एक शुक्रवार येतो आणि त्या दिवशी शाळेत, ऑफिसात, दुकानात माणसं काउबॉय हॅट आणि बूट घालून येतात. शहराचा मोठा रोडिओ जवळ आलेला असतो ना, म्हणून! हा रोडिओ १९३२ साली जनावरांचं प्रदर्शन म्हणून सुरू झाला. आजूबाजूच्या गावांतले लोक घोड्यांवर आणि घोडागाड्यांतून काही दिवस प्रवास करत त्यासाठी शहरात येतात. या प्रवासाला 'ट्रेल राइड' म्हणतात. पहिली ट्रेल राइड १९५२ मध्ये ब्रेनम गावाहून निघाली, तेव्हा तिच्यात फक्त चार जण होते. आता कितीतरी दिशांनी राइड्स निघतात आणि त्या शुक्रवारी मेमोरियल पार्कमध्ये पोचतात. मला ते बघून पंढरपूरला निघालेल्या पालख्याच आठवतात. फक्त टाळ-मृदंग नसतात.

२०२५ साली आपल्या रविवारच्या वर्गातला अकरा वर्षांचा एक मुलगा त्या शुक्रवारी नवी कोरी हॅट घालून शाळेत गेला. हॅट स्ट्रॉची होती, म्हणजे वाळलेल्या पानांच्या पट्ट्या विणून केलेली, फिकट पिवळी. शाळेच्या फाटकापाशी त्याच्या मित्राचे आजोबा भेटले. ते हसून म्हणाले, "हॅट छान आहे, पण बाळा, अजून ईस्टर आला नाही."

बस, एवढंच. पण तो दिवसभर गप्प होता. रविवारी वर्गात त्याने मला विचारलं, "ताई, ते मला असं का म्हणाले? मी इंडियन आहे म्हणून का?"

वर्गात कोणीच काही बोललं नाही. मलाही उत्तर माहीत नव्हतं. मी पुण्यात वाढले, मला फेटा आणि पगडी कळते. हॅटचं आणि ईस्टरचं काय नातं असणार? मग मी चौकशी केली, वाचलं, आणि कळलं की काउबॉय हॅटला चक्क वेळापत्रक असतं.

टेक्सासमध्ये जुने लोक असं मानतात: ईस्टरपासून लेबर डेपर्यंत स्ट्रॉची हॅट, आणि लेबर डेपासून पुढच्या ईस्टरपर्यंत फेल्टची. बऱ्याच ठिकाणी ईस्टरऐवजी मेमोरियल डे धरतात. उत्तरेकडे एप्रिलमध्येसुद्धा बर्फ पडतो, तिथे स्ट्रॉची घाई कोण करणार? लेबर डे म्हणजे सप्टेंबरचा पहिला सोमवार, तो लक्षात ठेवणं सोपं आहे. ईस्टर मात्र दर वर्षी हलतो. आपल्याला ही काही नवी गोष्ट नाही, आपले बहुतेक सण हलतात! म्हणून मी वर्गासाठी एक मराठी खूण शोधली: गुढीपाडव्याच्या सुमाराला स्ट्रॉ बाहेर काढायची आणि गणपतीच्या सुमाराला फेल्ट. २०२४ मध्ये ईस्टर ३१ मार्चला होता आणि पाडवा ९ एप्रिलला. त्याच वर्षी लेबर डे २ सप्टेंबरला होता आणि गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला. थोडं मागेपुढे होतं, पण काम चालतं.

म्हणजे ते आजोबा त्या मुलाला "ही हॅट तुझी नाही" असं म्हणतच नव्हते. होळीच्या दिवशी तुम्ही दारात आकाशकंदील लावला, तर तुमची आजी काय म्हणेल? "अगं, दिवाळीला अजून किती अवकाश आहे!" अगदी तसंच. पुढच्या आठवड्यात मित्राने सांगितलं की आजोबांनी स्वतःच्या जावयालाही तेच ऐकवलं होतं. हे ऐकून आमचा मुलगा खूश झाला. परक्याला कोणी असं टोकत नाही, घरच्यांनाच टोकतात.

आता हा नियम आला कुठून? उत्तर सोपं आहे: ऊन. स्ट्रॉच्या विणीत बारीक बारीक भोकं असतात. वारा आत येतो, घाम सुकतो, डोकं थंड राहतं. फेल्टमधून वारा जात नाही. फेल्ट विणलेलं नसतं. लोकरीचा स्वेटर चुकून गरम पाण्यात धुतला तर काय होतं? तो आटतो, घट्ट आणि जाड होतो. फेल्ट मुद्दाम तसंच करतात. प्राण्यांचे बारीक केस वाफ, गरम पाणी आणि दाब देऊन एकमेकांत इतके गुंतवतात की त्यांचं एक जाड कापडच होतं. ते थंडीत ऊब देतं आणि पाऊसही बराच वेळ आत येऊ देत नाही. जुलैमध्ये टेक्सासच्या उन्हात काळी फेल्ट घालून उभं राहायचं असेल तर तुमची मर्जी, पण मी शेजारी पाण्याची बाटली घेऊन उभी राहीन.

रोडिओ मार्चमध्ये असतो, म्हणजे नियमाप्रमाणे फेल्ट. पण ह्यूस्टनला मार्चमध्येही कधी कधी ऐंशी अंश फॅरनहाइट होतं. मग काय करायचं? रोडिओची मुख्य स्पर्धा छप्पर असलेल्या, एसी असलेल्या स्टेडियममध्ये होते, तिथे फेल्ट चालते. बाहेर जत्रेत दिवसभर फिरायचं असेल, तर माझ्या मते लहान मुलांनी खुशाल स्ट्रॉ घालावी. पण कोणी टोकलं तर का टोकलं ते तुम्हाला माहीत हवं.

फेल्टचे मुख्य दोन प्रकार. लोकरीची फेल्ट स्वस्त असते, पण खूप भिजली तर तिचा आकार बिघडतो. सशाच्या किंवा बीव्हर या प्राण्याच्या केसांची फेल्ट महाग असते आणि जास्त टिकते. दुकानात हॅटच्या आत ४एक्स, ६एक्स, १०एक्स असं लिहिलेलं दिसेल. जेवढे एक्स जास्त, तेवढं फेल्ट चांगलं. पण गंमत अशी की हा आकडा सगळ्यांसाठी एक नाही. प्रत्येक कंपनी आपले एक्स आपण ठरवते. म्हणून एका कंपनीच्या एक्सची दुसऱ्या कंपनीच्या एक्सशी तुलना करू नका. नाहीतर दुकानदार तुम्हाला टोपी घालेल! मराठीत 'टोपी घालणे' म्हणजे फसवणे. हॅटच्या दुकानात हे दोन्ही अर्थांनी खरं ठरेल.

आणखी एक गंमत. पूर्वीच्या मराठीत युरोपातून आलेल्या लोकांना 'टोपीकर' म्हणत, म्हणजे टोपी घालणारे. आपली माणसं पागोटं बांधायची, ते हॅट घालायचे. टोपीवरून माणूस ओळखायची सवय काही फक्त टेक्सासची नाही.

काउबॉयच्या हॅटचं मूळ मेक्सिकोत आहे. तिथले गुराखी मोठ्या कडेचं सोम्ब्रेरो घालत. स्पॅनिशमध्ये 'सोम्ब्रा' म्हणजे सावली. पुढे जॉन स्टेट्सन नावाच्या माणसाने १८६५ साली फिलाडेल्फियात हॅटचा धंदा सुरू केला. त्याच्या 'बॉस ऑफ द प्लेन्स' या हॅटचा माथा उंच आणि गोल होता, त्यावर एकही खळगा नव्हता. माणसं हॅट काढताना माथा चिमटीत धरायची, त्यामुळे खळगे पडत गेले, आणि मग लोकांना तेच आवडायला लागले! आज सगळ्यात जास्त दिसणाऱ्या आकाराला 'कॅटलमन' म्हणतात. त्यात मधोमध एक लांब खळगा आणि दोन्ही बाजूंना एकेक असतो.

हॅट घ्यायची तर आधी माप घ्या. कानांच्या थोडं वर आणि कपाळाच्या मध्यातून टेप फिरवा. टेप नसेल तर दोरा घ्या आणि तो पट्टीवर मोजा. घेर इंचात मोजून त्याला ३.१४ ने भागलं की अमेरिकन साइझ मिळतो. घेर पावणेतेवीस इंच, म्हणजे साधारण ५८ सेंटिमीटर असेल, तर साइझ सव्वासात. (गणिताच्या बाईंना सांगा, पाय कामाला आला!) हॅट काढल्यावर कपाळावर लाल वळ राहिला तर ती घट्ट आहे. मान हलवल्यावर फिरली तर सैल आहे. डोकी वाढत्या वयाची आहेत, त्यामुळे किंचित मोठी घ्या आणि आतल्या पट्टीमागे फोमची पट्टी घाला. मुलींनो, केस लांब असतील तर वेणी मानेजवळ खाली घाला. उंच आंबाड्यावर हॅट बसत नाही, नुसती डोलते.

हॅटला पुढची आणि मागची बाजू असते. आतल्या पट्टीवर छोटी बो असते, ती मागे यायला हवी. आमच्या घरातल्या एका काकांनी पूर्ण संध्याकाळ उलटी हॅट घालून फोटो काढले आहेत. ते फोटो अजून भिंतीवर आहेत.

मग शिष्टाचार. जेवायला बसताना हॅट काढायची. राष्ट्रगीत सुरू झालं की मुलगे आणि पुरुष उजव्या हाताने हॅट काढून डाव्या खांद्यापाशी धरतात, म्हणजे हात हृदयावर येतो. आपल्याकडे उलट असतं: पूजेला बसताना आजोबा टोपी घालतात, आजी डोक्यावर पदर घेते. आपण घरात शिरताना चपला काढतो, हे लोक हॅट काढतात. दुसऱ्याच्या हॅटला न विचारता हात लावू नका. आणि हॅट पलंगावर ठेवू नका, ते अशुभ मानतात. टेबलावर ठेवायची तर उलटी, माथा खाली करून. लोक म्हणतात, नाहीतर नशीब सांडतं. खरं कारण असं की सरळ ठेवली तर वजनाने कड चपटी होते.

एक चूक मात्र जवळजवळ सगळे करतात: हॅट उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवतात. आतली चामड्याची पट्टी उष्णतेने आकसते आणि हॅट डोक्यात जात नाही. स्ट्रॉ कडक होऊन तडकते. फेल्ट भिजली तर हेअर ड्रायर लावू नका. आतली पट्टी बाहेर वळवून हॅट तिच्यावर उभी करा आणि सावलीत आपोआप वाळू द्या. उन्हाळ्यात फेल्ट आत ठेवताना आधी मऊ ब्रशने धूळ झटका आणि बंद खोक्यात ठेवा, कारण लोकरीच्या कपड्यांसारखी तिलाही कसर लागते. कसर म्हणजे कपडे खाणारा बारीक किडा. डांबराच्या गोळ्या हा आजीचा उपाय इथेही चालतो, पण मग पहिल्या दिवशी डोक्याला आजीच्या कपाटाचा वास येतो.

त्या मुलाने उरलेला रोडिओ मोठ्या भावाच्या करड्या फेल्टमध्ये काढला. आत फोमच्या दोन पट्ट्या होत्या. ३० मार्चला रविवार होता आणि पाडवाही. वर्गाची खिडकी उघडली तर स्वारी स्ट्रॉची हॅट घालून बसलेली, मागे अंगणात गुढी दिसत होती. ईस्टरला अजून बरोबर तीन आठवडे होते.

मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "ताई, मला माहिती आहे. पण आज मी मराठी नियम पाळतोय."