आयकॉनमधलं अंतर : लिनक्सचा डेस्कटॉप आणि आपली मराठी नावं

आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल, डेस्कटॉपवरच्या आयकॉनमध्ये किती जागा सोडायची हा काय व्याख्यानाचा विषय आहे? पण एक प्रसंग डोळ्यापुढे आणा. लातूरला बारावी झालेली एक मुलगी नांदेडच्या झेरॉक्सच्या दुकानात प्रवेशाचा अर्ज भरायला बसली आहे. दुकानदाराने तिची कागदपत्रं स्कॅन करून डेस्कटॉपवर ठेवली. त्यात एक ‘जात प्रमाणपत्र’ आणि दुसरं ‘जात वैधता प्रमाणपत्र’. पडद्यावर मात्र दोन्हींखाली एवढंच दिसतंय : ‘जात’ आणि पुढे तीन टिंबं. आयकॉनही सारखेच. पहिलं प्रमाणपत्र उपविभागीय कार्यालयातून मिळतं, दुसरं पडताळणी समितीकडून. एकाच्या जागी दुसरं गेलं की अर्जात त्रुटी निघते, आणि शेवटच्या तारखेला ती दुरुस्त करायला वेळ उरत नाही.

आता हा प्रश्न आपल्याकडे वाढायचं एक कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. जुनं, पण चांगलं चालणारं मशीन फेकायचं कशाला म्हणून अनेकांनी त्यावर लिनक्स टाकलं. मशीन वेगाने चालायला लागलं, आणि मग लक्षात आलं की आयकॉन एक तर एकमेकांना चिकटलेत, नाही तर उगीच लांब लांब बसलेत. विंडोजची सवय असल्यामुळे आपण सेटिंग शोधतो, आणि ते सापडत नाही.

का सापडत नाही? कारण लिनक्स हा एकच डेस्कटॉप नाही. आत लिनक्स असलं, तरी पडद्यावर दिसणारा डेस्कटॉप वेगवेगळ्या मंडळींनी केलेला असतो. सिनॅमन, केडीई प्लाझ्मा, एक्सएफसीई, ग्नोम, एलएक्सक्यूटी अशी त्यांची नावं. प्रत्येकाने अंतराचा विचार आपापल्या पद्धतीने केला आहे. म्हणून आधी आपल्याकडे कोणता आहे ते पाहायचं. बहुतेक ठिकाणी सेटिंगमधल्या ‘अबाउट’ किंवा ‘सिस्टिम इन्फो’ या पानावर ते लिहिलेलं असतं.

आता मूळ कल्पना समजून घेऊ. डेस्कटॉप म्हणजे न दिसणाऱ्या खणांचं कपाट समजा. प्रत्येक खणात वर आयकॉन आणि खाली नाव. आपण ज्याला ‘अंतर’ म्हणतो त्यात खरं तर तीन गोष्टी असतात : दोन खणांमधली फट, खणाच्या आतली मोकळी कड, आणि नावाला मिळालेली रुंदी. लोक फट वाढवत बसतात. पण नाव तुटत असेल तर फट वाढवून काही होत नाही, नावाची रुंदी वाढवावी लागते. आजच्या बोलण्यातलं हे एक वाक्य लक्षात ठेवलं तरी पुरे.

मराठी नावांना जागा जास्त का लागते, तेही बघा. इंग्रजी अक्षर एका ओळीत बसतं. आपल्याकडे ‘पूर्ती’ हा शब्द घ्या : खाली ऊकार, वर रफार आणि वेलांटी. म्हणजे एका ओळीला वरूनही जागा हवी आणि खालूनही. नाव दोन ओळींत गेलं की खण उंच लागतो. शिवाय फॉन्टप्रमाणे ओळीची उंची बदलते. लोहित देवनागरी काढून नोटो सान्स देवनागरी लावला, तर तेच नाव जास्त किंवा कमी जागा घेऊ शकतं.

आता एकेक डेस्कटॉप घेऊ.

लिनक्स मिंटमधला सिनॅमन सगळ्यात सोपा. मोकळ्या जागी राइट क्लिक करा, ‘कस्टमाइझ’ घ्या. तिथे आयकॉनचा आकार बदलता येतो, आणि आडव्या व उभ्या अंतराचे दोन वेगळे स्लायडर असतात. मराठी नावांसाठी आधी आडवा स्लायडर वाढवून बघा.

केडीई प्लाझ्मामध्ये डेस्कटॉपच्या सेटिंगमधला ‘आयकॉन्स’ भाग उघडा. तिथे नावाची रुंदी अरुंद, मध्यम किंवा रुंद करता येते आणि नावाला किती ओळी द्यायच्या तेही ठरवता येतं. आपला रोग नेमका तिथेच असल्यामुळे आम्हाला ही सोय फार आवडते.

एलएक्सक्यूटीमध्ये डेस्कटॉपच्या प्रेफरन्सेसमध्ये आयकॉनभोवतीची किमान मोकळी जागा पिक्सेलमध्ये टाकता येते, आडवी वेगळी आणि उभी वेगळी.

एक्सएफसीई जुन्या मशीनवर खूप चालतो, पण इथे थोडं हाताने काम आहे. घरच्या फोल्डरमध्ये लपलेलं ‘कॉन्फिग’ फोल्डर असतं, त्यात जीटीके-३ चं फोल्डर, आणि त्यात जीटीकेची सीएसएस फाइल. नसेल तर ती तयार करायची. तिच्यात तीन गुणधर्म लिहिता येतात : सेल-स्पेसिंग म्हणजे फट, सेल-पॅडिंग म्हणजे आतली कड, आणि सेल-टेक्स्ट-विड्थ-प्रपोर्शन म्हणजे आयकॉनच्या किती पट रुंदी नावाला द्यायची. आयकॉन ४८ पिक्सेलचा आणि प्रमाण १.९ असेल, तर नावाला साधारण ९१ पिक्सेल मिळतात. प्रमाण २.५ केलं की १२०. लॉग आउट करून परत आत या, बदल दिसेल.

राहिला ग्नोम. २०१८ मध्ये ३.२८ या आवृत्तीत ग्नोमने डेस्कटॉपवरचे आयकॉनच काढून टाकले. उबुंटू ते एका एक्स्टेंशनच्या मदतीने दाखवतं. सेटिंगमध्ये आकार बदलतो, अंतर नाही. एक्स्टेंशनच्या कोडमधले आकडे बदलता येतात, पण पुढच्या अपडेटला ते पुसले जातात. म्हणून आम्ही सांगू, इथे आकार बदलून बघा आणि नावं छोटी करा.

अंतर वाढवण्याची किंमतही असते. समजा १३६६ बाय ७६८ चा पडदा आहे आणि खालची पट्टी वजा जाता ७४० पिक्सेल उंची उरते. खण १०० बाय ९० चा असेल तर १३ रांगा गुणिले ८, म्हणजे १०४ आयकॉन बसतात. तोच खण १३० बाय ११० केला, तर १० गुणिले ६, फक्त ६०. ज्या दुकानात रोज पन्नास गिऱ्हाइकांच्या फाइली डेस्कटॉपवर पडतात, तिथे हे परवडत नाही. त्यांनी प्रत्येक गिऱ्हाइकाचं फोल्डर करावं आणि डेस्कटॉप मोकळा ठेवावा.

आणि नाव कसं द्यायचं, तर वेगळेपणा आधी, सारखेपणा नंतर. ‘वैधता – जात प्रमाणपत्र’ असं लिहिलं की तुटलं तरी ‘वैधता’ दिसतं. शब्दांमध्ये अंडरस्कोअर टाकण्यापेक्षा मोकळी जागा ठेवा, म्हणजे ओळ नीट तुटते. नाव फार लांबही नको. लिनक्सच्या नेहमीच्या ईएक्सटी४ पद्धतीत फाइलच्या नावाला २५५ बाइट मिळतात आणि देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं. काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. म्हणजे नुसती देवनागरी लिहिली तर ८५ चिन्हांत मर्यादा संपते.

शेवटी एक सूचना. अंतर बदललं की आयकॉन आपली जागा सोडून दुसरीकडे जाऊन बसू शकतात. म्हणून आधी पडद्याचा एक फोटो मोबाइलवर काढून ठेवा. बदल झाल्यावर घरातल्या चष्मा लागलेल्या माणसाला समोर बसवा आणि दोन हात अंतरावरून नावं वाचायला सांगा. त्यांना ‘वैधता’ कुठली ते न विचारता सांगता आलं, तर अंतर बरोबर आहे.