उरलेल्या गोळ्या दानपेटीत नकोत



मेळघाटातल्या कोरकू वस्त्यांसाठी आपण प्रेमाने दिलेली औषधे इथे भातकुलीत मी निवडते. त्यांत अमॉक्सिसिलिन, ॲझिथ्रोमायसिनच्या अर्ध्या स्ट्रिपा हमखास निघतात. त्या मी पुढे पाठवत नाही. का, ते सांगते.

अँटिबायोटिक जिवाणूंवर चालते. जिवाणू आपल्याभोवती भिंत बांधतो. अमॉक्सिसिलिन ती नीट बांधू देत नाही, म्हणून जिवाणू फुटतो. आपल्या पेशींना तशी भिंतच नसते, म्हणून त्या वाचतात. ॲझिथ्रोमायसिन जिवाणूला प्रथिने बनवू देत नाही. विषाणूजवळ ना ही भिंत, ना प्रथिनांचा स्वतःचा कारखाना. म्हणून साधी सर्दी, फ्लू, डेंग्यू यांवर या गोळ्या व्यर्थ. बाळाच्या पाण्यासारख्या जुलाबालाही बहुधा ओआरएस आणि झिंक पुरते; शौचातून रक्त पडले, तर मात्र लगेच दवाखाना गाठावा.

योग्य वेळी हेच औषध जीव वाचवते. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच माणसांना खोकणाऱ्या बाळाचे श्वास मोजायला शिकवले. मिनिटाला श्वास दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षाच्या आत ५०, पुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त असतील, तर न्यूमोनियाची शंका घ्यायची. अशाच मुलांना तिथे को-ट्रायमॉक्सॅझोल दिले जाई. १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले : न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू शेजारच्या तुलनेच्या गावांपेक्षा निम्म्याहून कमी होते. प्रत्येक खोकल्याला गोळी नव्हे, नेमक्या बाळाला नेमका डोस, हे त्याचे मर्म.

अर्ध्या स्ट्रिपेत ना पूर्ण डोस, ना बाळाच्या वजनाचा हिशेब. गरज नसताना किंवा कमी मात्रेत घेतले, तर कमकुवत जिवाणू मरतात, चिवट उरतात, वाढतात आणि घरभर पसरतात. मग खऱ्या न्यूमोनियात तेच औषध हरते. शहरात दुसरे औषध मिळेल. डोंगरातल्या वस्तीवर ते कुठून आणायचे?

आपल्या घरीही एवढे पाळा. पाकिटावर तांबडी उभी रेघ असेल, तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते औषध घेऊ नका. सांगितले तितके दिवस, सांगितल्या वेळी घ्या. पूर्वी पेनिसिलिनने पुरळ किंवा धाप आली असेल, तर आधी सांगा. शेजाऱ्याची गोळी घेऊ नका.

पेटीत मुदतीतली ओआरएसची बंद पाकिटे आणि थर्मामीटर जरूर टाका. ते मी आनंदाने वर पाठवीन.