इंचभराची सुई

गोधडी शिवणाऱ्या एखाद्या आजींच्या हाती हातक्विल्टची सुई दिली, तर त्या आधी ती उलटसुलट करून बघतील आणि मग विचारतील, “ही मोडकी का दिलीस?” सुई जेमतेम इंचभर लांब. नेढं इतकं बारीक की दोरा ओवायला चष्मा नाकावर यावाच लागतो. हिचं नाव ‘बिटवीन’. हाताने क्विल्ट शिवणारे लोक हिच्या नंबरावरून, कंपनीवरून, नेढ्याच्या मुलाम्यावरूनही हिरिरीने वाद घालतात. वरून पाहणाऱ्याला हे श्रीमंती खूळ वाटतं. पण सुई हातात धरून बसलं की त्यातलं बरंचसं पटतं.

क्विल्टचे थर तीन. वर तुकडे जोडून केलेलं कापड, मध्ये कापसाचं किंवा लोकरीचं भरण, खाली अस्तर. हे सगळं चौकटीवर किंवा मोठ्या लाकडी रिंगमध्ये बसवतात. एक हात वर, एक खाली. वरच्या हाताच्या मधल्या बोटात अंगुस्तान. सुई उभी खुपसायची. तिचं टोक खालच्या बोटाला लागलं न लागलं तोच त्या बोटाने कापड किंचित वर रेटायचं आणि अंगुस्तानाने सुईचं बूड आडवं पाडायचं, की टोक पुन्हा वर डोकावतं. परत उभी, परत आडवी. असे तीन-चार टाके सुईवर जमले की मग दोरा ओढायचा. एवढ्याशा जागेत सुई डोलवायची तर लांब सुई लवते आणि टाका वाकडा पडतो. आखूड सुई ताठ राहते, शिवाय टोक नेमकं कुठे आहे ते बोटाला कळत राहतं. वरून मोजले तर इंचाला आठ टाके म्हणजे चांगलं काम. दहा-बारा टाके घालणारा हात तालेवार म्हणायचा.

आता आपली गोधडी बघा. ती जमिनीवर अंथरलेली असते आणि शिवणारी बहुतेकदा तिच्यावरच बसलेली असते. खालून हात घालणार कुठून? म्हणून सुई कापडातून आडवी सरपटत जाते, एका दमात धावदोऱ्याचे बरेच टाके घेते, आणि जुन्या लुगड्यांचे थर भेदायचे म्हणून ती लांब, दणकट, मोठ्या नेढ्याची लागते. साशिको या जपानी टाकेकामात तिसराच प्रकार. तिथे सुई जवळजवळ स्थिर ठेवून कापडच चुण्या पाडत तिच्यावर चढवतात, म्हणून ती सुई दोनेक इंच लांब आणि जाडसर असते. सुई किती लांब हवी हे शिवणाऱ्याची आवड ठरवत नाही. कापड कुठे आहे आणि दुसरा हात काय करतोय, यावर ते ठरतं.

बिटवीनचे नंबर उलटे चालतात: आकडा वाढला की सुई बारीक आणि आखूड. सुती कापड आणि पातळ कापसाच्या एकाच नमुन्यावर मी वेगवेगळे नंबर चालवून पाहिले. आठ नंबरात दोरा निमूट ओवला जातो, टाका मात्र जरा ठसठशीत येतो. दहा नंबर हातात आला की टाका आपोआप लहान होतो, कारण मोठा टाका घ्यायला सुईच पुरत नाही. बारा नंबर देखणी, पण जरा जोर लागला की केळफुलासारखी वाकते. सोनेरी नेढ्याचं कौतुक मला फारसं पटलं नाही. नेढ्याची आतली कड गुळगुळीत नसेल तर मुलामा कितीही चढवा, दोरा पिंजायचा तो पिंजतोच.

ही कड घासण्याची विद्या इंग्लंडातल्या वूस्टरशायर परगण्यातल्या रेडिच गावाने कळसाला नेली. व्हिक्टोरिया राणीच्या काळात जगातल्या बहुतेक सुया या गावात आणि आसपास होत असत. तिथे पोलादी तार दोन सुयांच्या लांबीची कापत, सरळ करत, दोन्ही टोकांना धार लावत, मधोमध ठसा मारून दोन नेढी पाडत आणि मग जोडी मोडून दोन सुया करत. पुढे त्या तापवून तेलात विझवत, पाणी देत. शेवटी हजारो सुया मऊ साबण आणि घासणीच्या पुडीसह गोणपाटात गुंडाळून त्यांची जाडजूड वळकटी बांधत आणि पाणचक्कीवर चालणाऱ्या जड लाकडी फळ्यांखाली ती पुढेमागे लोळवत. ॲरो नदीकाठच्या फोर्ज मिलमध्ये हे काम १९५८पर्यंत चाललं. १९८३मध्ये तिथे संग्रहालय उघडलं.

धार लावणाऱ्यांची गोष्ट मात्र चकचकीत नाही. मूठभर तारा एकदम तळहाताखाली फिरवत ते कोरड्या दगडावर टोकं काढत. दगड आणि पोलादाची धूळ फुप्फुसात जाई, आणि त्यांतले कित्येक तरुणपणीच मरत. मजुरी इतर कारागिरांपेक्षा बरीच जास्त. धूळ ओढणारी यंत्रं आली तेव्हा काहींनी त्यांना विरोधच केला: धोका गेला की जादा पैसेही जातील, हा त्यांचा हिशोब. घरोघरच्या शिवणडब्यातली स्वस्त सुई या हिशोबावर उभी होती.

रेडिचचा धागा आपल्याकडेही येतो. शेजारच्या स्टडलीतल्या कंपनीची भारतीय शाखा १९४९मध्ये निघाली आणि तिचा कारखाना निलगिरीत केट्टीला उभा राहिला. परकीय चलन कायद्याने विदेशी भागीदारी कमी करायची वेळ आली तेव्हा समभागांवरून वाद पेटला आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९८१चा तो निकाल लिहिला सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी. कंपनी कायदा शिकणाऱ्यांना तो अजून वाचावा लागतो, आणि सुईवरचा खटला म्हणून तो लक्षातही राहतो.

हातक्विल्ट करून पाहायचं असेल तर मिश्र नंबरांचं पाकीट घ्यावं. आठ किंवा नऊने सुरुवात करावी, बोटं सरावली की दहावर यावं. अंगुस्तान आधी त्रासदायक वाटतं, पण त्यावाचून ही सुई चालत नाही; बूड सरळ बोटात घुसतं. सुई थोडी वाकली तर लगेच टाकू नये, काही जणींना तशीच वाकलेली हाताला बरी बसते. मात्र चार लुगड्यांची गोधडी शिवायची असेल तर ही सुई डब्यातच राहू द्यावी आणि आजींकडची लांब सुई मागून घ्यावी.